वावर विकून वैमानिक व्हावे का?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

१६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून निघालेले अलायन्स एअरचे एटीआर विमान बेलोऱ्याच्या धावपट्टीवर उतरले आणि अमरावतीकरांची कित्येक वर्षांची मागणी पुरी झाली. त्याच्या आधी, जुलै २०२४ मध्ये, एअर इंडियाने याच बेलोऱ्याला वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारण्याचे जाहीर केले होते. चौतीस शिकाऊ विमाने आणि वर्षाला १८० वैमानिक, अशी ती योजना. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी तिच्यात भागीदार आहे. तेव्हापासून अमरावती, अकोला, दर्यापूर, मूर्तिजापूर या भागांतल्या पालकांच्या तोंडी एक नवा प्रश्न आला आहे. डॉक्टर-इंजिनिअरच्या चर्चेत आता तिसरा शब्द ऐकू येतो. 'पोट्टा पायलट व्हतो म्हन्ते, करू का नाई?'

प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला असतो, आणि तो पालक हळू आवाजात विचारतात. 'पाच एकर आहे. त्यातले तीन विकले तर भागेल का?' मला आज या दुसऱ्या प्रश्नाबद्दलच बोलायचे आहे. वैमानिकाचा व्यवसाय चांगला आहे, यात वाद नाही. मानाचा आहे, पगार उत्तम आहे, पासष्टाव्या वर्षापर्यंत करता येतो. पण घरचे लोक पैसे भरतात ते व्यवसायासाठी नव्हे, परवान्यासाठी. आणि परवाना व नोकरी यांच्यामध्ये एक मोठी दरी आहे. ती ओलांडायला कुणाला सहा महिने लागतात, कुणाला चार वर्षे, आणि काहींना ती ओलांडताच येत नाही.

आधी शिक्षण कसे असते ते पाहू. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय हवेत. ज्याने जीवशास्त्र घेऊन गणित सोडले, त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून तो विषय पुन्हा देता येतो. त्यानंतर व्यावसायिक वैमानिक परवाना, म्हणजे ज्याला सगळे 'सीपीएल' म्हणतात तो. त्यासाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण हवीत, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, लेखी परीक्षा हव्यात आणि २०० तासांचे उड्डाण हवे. लेखी परीक्षेत दिशाशास्त्र, हवामान, हवाई नियम आणि विमानाची तांत्रिक माहिती असे विषय असतात; उत्तीर्ण व्हायला शंभरात सत्तर गुण लागतात. या २०० तासांपैकी १०० तास विमान स्वतःच्या जबाबदारीवर चालवलेले असावे लागते. लांबच्या पल्ल्याचे, रात्रीचे आणि फक्त यंत्रांकडे पाहून केलेले उड्डाण यांचे तासही ठरलेले आहेत.

मराठी शाळेत शिकलेल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते. ती अनाठायी नाही. आकाशातले सगळे बोलणे इंग्रजीतच चालते आणि त्याची वेगळी चाचणी द्यावी लागते. पण हे इंग्रजी मोजक्या, ठरीव वाक्यांचे असते. झेडपीच्या शाळेतून आलेला मुलगा वर्षभरात ते चांगले आत्मसात करू शकतो. अडते ते बहुधा गणितात आणि पैशांत.

पैशांचे आकडे आता सरळ मांडतो. लहान विमानाच्या एका तासाला पंधरा हजारांच्या आसपास खर्च धरा. २०० तासांचे तीस लाख झाले. त्यात राहणे, जेवण, परीक्षा, शिकवण्या, वैद्यकीय तपासण्या मिळवल्या की परवाना हातात पडेपर्यंत चाळीस ते साठ लाख लागतात. एवढ्यावर संपत नाही. हा परवाना लहान विमानाचा असतो. एअरबस, बोइंग किंवा बेलोऱ्याला येते ते एटीआर चालवायचे तर त्या-त्या जातीच्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. त्याला 'टाइप रेटिंग' म्हणतात आणि त्याचे पंधरा-वीस लाख वेगळे. विमान कंपन्यांचे स्वतःचे 'कॅडेट' अभ्यासक्रम असतात. तिथे निवड आधी होते आणि नोकरीचा मार्ग पुष्कळसा आखलेला असतो. पण त्यांचा खर्च कोटीच्या घरात जातो. शाळा आपल्या गावाजवळ आली म्हणजे शिक्षण स्वस्त झाले, असे मात्र कुणी समजू नये. सूतगिरणी गावात आली म्हणून कुणाला सूत फुकट मिळाल्याचे ऐकिवात नाही.

आता समजा, साठ लाखांचे कर्ज अकरा टक्क्यांनी घेतले. नुसते व्याज महिन्याला ५५ हजार रुपये होते. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे महिन्याचे व्याज भागवायला दहा क्विंटलांहून जास्त सोयाबीन लागते, तेही हमीभाव पदरात पडला तर. कोरडवाहू वावरातले दोन-अडीच एकरांचे पीक एका महिन्याच्या व्याजात जाते, आणि महिने असतात बारा. पुढे दहा वर्षांत फेडायचे ठरवले तर हप्ता ८२ हजारांच्या वर बसतो.

त्यात शेतकऱ्याची आणखी एक अडचण आहे, जिच्याबद्दल शहरातले मार्गदर्शक बोलत नाहीत. एवढ्या मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते. शेतजमीन तारण म्हणून घ्यायला मात्र बँका नाखूश असतात. कारण कर्जवसुलीच्या २००२ च्या कायद्यातून, ज्याला 'सरफेसी' म्हणतात, शेतजमीन वगळलेली आहे. बँकेला घर, प्लॉट, दुकान हवे असते. मग ज्याच्याकडे वावराशिवाय काही नाही, तो गहाण ठेवण्याऐवजी विकूनच मोकळा होतो. नोकरदाराच्या घरी कर्ज बुडाले तर हप्ते थकतात. इथे सातबाराच दुसऱ्याच्या नावावर जातो. एकाच व्यवसायाची जोखीम दोन घरांत अशी वेगळी असते.

बरे, शिक्षण किती काळाचे? माहितीपत्रकात अठरा महिने लिहिलेले असते. प्रत्यक्षात दोन वर्षे, अडीच वर्षे सहज लागतात. पावसाळ्यात ढग खाली येतात, उत्तरेत हिवाळ्यात धुके पडते, विमान दुरुस्तीला जाते, प्रशिक्षक नोकरी सोडून जातात. विदर्भाकडे उड्डाण शाळांचे लक्ष गेले त्याला हे हवामानही एक कारण आहे. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत आपले आकाश स्वच्छ असते. रायबरेलीजवळ फुरसतगंजला केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी आहे. तिथे धुके दाटते म्हणून तिची विमाने हिवाळ्यात आपल्या गोंदियाच्या बिरसी धावपट्टीवर आलेली आहेत. बिरसीलाच राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे. जळगाव, धुळे, बारामती इथेही शाळा आहेत. नागपूरचा फ्लाइंग क्लब तर जुना आणि नावाजलेला. पण मधली काही वर्षे तिथले प्रशिक्षण बंद होते. सरकारी नाव असले म्हणून विमान वेळेवर उडेलच असे नाही, हेही त्यातून शिकावे.

अकोल्याचे शिवणी यात कुठे बसते, असे अकोलेकर विचारतील. शिवणीची धावपट्टी ब्रिटिशांच्या काळातली, जेमतेम १,४०० मीटरची. ती वाढवायची तर शेजारच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या जमिनीचा प्रश्न येतो, आणि त्यावर वर्षानुवर्षे कागदच उडत राहिले. लहान शिकाऊ विमानाला एवढी धावपट्टी पुरते, प्रवासी विमानाला आखूड पडते. पण अकोल्याच्या मुलाला याने फारसा फरक पडत नाही. वैमानिक व्हायला घराजवळ विमानतळ लागत नाही, घरात धीर धरण्याची ऐपत लागते.

कारण खरी कसोटी परवाना मिळाल्यावर सुरू होते. इथे मला तुरीची आठवण होते. २०१५ साली तूरडाळ किलोला दोनशेच्या वर गेली. सगळ्यांनी तूर पेरली. २०१६-१७ च्या हंगामात पीक असे आले की बाजार समितीत भाव हमीभावाच्या खाली कोसळले आणि खरेदी केंद्रावर माल भरायला बारदाना मिळेना. वैमानिकांच्या नोकऱ्यांचे चक्र अगदी असेच फिरते. फक्त पेरणी ते मळणी हा काळ सहा महिन्यांचा नसून दोन-तीन वर्षांचा असतो. आजचा भाव पाहून पेरायचे आणि तीन वर्षांनी मिळेल त्या भावाने विकायचे.

मागचे हंगाम आठवून पाहा. २००३ साली एअर डेक्कन आली, २००५-०६ मध्ये किंगफिशर, स्पाइसजेट, गोएअर, इंडिगो आल्या. वैमानिक मिळेनात म्हणून परदेशी वैमानिक आणले गेले. ते पाहून हजारो मुलांनी घरे गहाण ठेवून परवाने काढले. आणि २००८ च्या मंदीत ते परवाने हातात घेऊन घरी बसले. २०११ साली बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवलेले वैमानिक पकडले गेले. गुन्हा तो गुन्हाच. पण त्या काळातली घाई आणि कर्जाचे दडपणही त्यामागे दिसते. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजचे शेवटचे विमान उतरले आणि पंचवीस वर्षे चाललेल्या कंपनीतले अनुभवी कॅप्टन नोकरी शोधू लागले. मार्च २०२० मध्ये करोनामुळे देशांतर्गत विमाने दोन महिने पूर्ण थांबली. पगार कापले गेले. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद झाली. असा धक्का बसला की अनुभवी माणसे बाजारात येतात आणि २०० तासांचा नवखा रांगेत मागे ढकलला जातो.

याच २०२३ मध्ये दुसऱ्या बाजूला सुगी होती. एअर इंडियाने फेब्रुवारीत ४७० विमानांची आणि इंडिगोने जूनमध्ये ५०० विमानांची मागणी नोंदवली. त्या एका वर्षात डीजीसीएने १,६२२ व्यावसायिक परवाने दिले. २०१९ मध्ये हा आकडा ७४४ होता. म्हणजे चार वर्षांत पीक दुपटीहून अधिक. पण मागवलेली विमाने ठरल्या दिवशी येत नाहीत, आणि आलेली उडतातच असेही नाही. इंजिनातल्या दोषामुळे २०२३-२४ मध्ये एकट्या इंडिगोची डझनावारी विमाने जमिनीवर उभी होती.

'पण वैमानिक कमी आहेत असे तर पेपरात येते,' असे कुणी म्हणेल. येते, आणि ते खरेही आहे. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, प्रवासी विमानतळांवर अडकले. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, रात्री विमान उतरवण्यावर मर्यादा आली. त्या हिशेबाने माणसांची जुळवणी झालेली नव्हती. पण तुटवडा हा शब्द नीट ऐकावा. विमानात दोन वैमानिक असतात. त्यातला एक कॅप्टन असतो. कॅप्टनला वरच्या दर्जाचा परवाना लागतो आणि त्यासाठी १,५०० तासांचा अनुभव लागतो; प्रत्यक्षात कॅप्टन होईपर्यंत बरीच वर्षे जातात. तुटवडा पडतो तो मुख्यतः या माणसांचा. नव्या परवान्यांचा ढीग आणि कॅप्टनांची टंचाई या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मजूर रिकामे बसलेले असतात आणि तरी चांगला मिस्त्री मिळत नाही, तसेच हे.

ज्याला नोकरी लागते त्याचे पुढे बरे चालते. सहवैमानिकाला सुरुवातीला लाख-दीड लाख, पुढे दोन-अडीच लाख आणि कॅप्टनला पाच लाखांच्या वर, असे अलीकडचे साधारण मासिक आकडे आहेत. त्यातला बराच भाग उडालेल्या तासांवर ठरतो. विमान उभे राहिले की मिळकत घटते. वर्षाला १,००० तासांपेक्षा जास्त उडता येत नाही. झोपेच्या वेळा ठरलेल्या नसतात, दिवाळी-पोळा घरी मिळेलच असे नाही, आणि दारूच्या बाबतीत तर श्वास तपासूनच विमानात बसवतात. शिवाय दरवर्षी, आणि वय वाढल्यावर त्याहून लवकर, वैद्यकीय तपासणी होते. रक्तदाब, साखर, हृदय यांत काही निघाले की माणूस तात्पुरता किंवा कायमचा खाली बसतो. मास्तराला मधुमेह झाला तर तो शिकवत राहतो. वैमानिकाचे तसे नाही.

धोक्याबद्दलही मोकळेपणाने बोलावे. जून २०२५ मधल्या अहमदाबादच्या अपघातानंतर कितीतरी आयांनी हा विषय घरात बंद केला असेल. प्रवासी विमानाचा प्रवास आजही रस्त्याच्या प्रवासापेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे. शिकाऊ विमानांबद्दल मी तेवढ्या ठामपणे बोलणार नाही. मार्च २०२३ मध्ये बिरसीहून उडालेले एक शिकाऊ विमान बालाघाट जिल्ह्यात डोंगराळ भागात कोसळले आणि प्रशिक्षक व शिकणारी मुलगी दोघेही गेले. म्हणून शाळा निवडताना फीइतकेच तिथल्या शिस्तीकडे पाहावे. डीजीसीएने २०२५ पासून उड्डाण शाळांची प्रतवारी सुरू केली आहे. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही शाळा बसली नाही, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. शाळेत जाऊन विचारावे: विमाने किती, त्यांपैकी आज उडती किती, प्रशिक्षक किती, मागच्या तुकडीला २०० तास पुरे व्हायला किती महिने लागले. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर परत यावे. आणि सगळी फी एकदम कधीही भरू नये, कितीही सवलत दिली तरी.

मग करायचे कुणी? माझे मत असे आहे. ज्या घरात हे पैसे बुडाले तरी चूल पेटती राहील, त्या घराने जरूर करावे. ज्याचे सगळे वावर पणाला लागणार आहे, त्याने विकत घेण्याच्या परवान्याच्या मागे लागू नये. पण त्यानेही स्वप्न सोडावे असे मी म्हणत नाही. क्रम बदलावा. सगळ्यात आधी वैद्यकीय तपासणी करावी. ती काही हजारांत होते. रंग ओळखण्यात दोष निघाला तर तिथेच कळते, आणि साठ लाख वाचतात. चष्मा असला तरी बहुधा चालतो. त्यानंतर घरी राहून, एखादी पदवी घेत घेत, डीजीसीएच्या लेखी परीक्षा द्याव्यात. त्या पार पडल्या, तर मग उड्डाणाच्या पैशांचा विचार. पुष्कळ मुले उलट करतात. आधी फी भरतात आणि मग गणितात अडकून पडतात.

मुलींनाही हाच क्रम. सौदामिनी देशमुख या मराठी वैमानिकेने १९८५ साली इंडियन एअरलाइन्सच्या कोलकाता-सिलचर विमानाचे सारथ्य केले, तेव्हा त्या विमानातले सगळे कर्मचारी स्त्रियाच होत्या. आपल्या अमरावतीच्या प्रतिभाताई पाटील २००९ मध्ये राष्ट्रपती असताना, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, पुण्याहून सुखोईत बसून आल्या. आज भारतातल्या वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण जगाच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त आहे. तेव्हा 'पोरीच्या जातीला' हे वाक्य आता पुरे.

विमानांची ओढ आहे पण पैसा नाही, अशांसाठी वाटा आहेत. विमान दुरुस्तीचे अभियंते लागतात. नागपूरच्या मिहानमध्ये विमान दुरुस्ती केंद्र २०१५ पासून आहे. भौतिकशास्त्र-गणित घेऊन बी.एस्सी. झालेल्यांना विमानतळ प्राधिकरणाची हवाई वाहतूक नियंत्रकाची परीक्षा देता येते. तिथे प्रशिक्षणाला घरचे पैसे लागत नाहीत, उलट पगार मिळतो. आणि खरोखर उडायचेच असेल तर हवाई दल आहे. खडकवासल्याच्या एनडीएत सरकार स्वतः खर्च करून उडायला शिकवते. मुलींना तिथे २०२२ पासून प्रवेश आहे आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. तिथून सेवा करून पुढे प्रवासी विमानांवर गेलेले कॅप्टन पुष्कळ आहेत. एनडीएच्या तयारीसाठी राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व संस्था मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून चालू आहे, आणि मुलींसाठी अलीकडे नाशिकला तशीच संस्था झाली आहे. एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि वयाची मर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस अशी अरुंद आहे. संभाजीनगरच्या संस्थेत प्रवेश अकरावीलाच होतो. त्यामुळे हा विचार बारावीचा निकाल लागल्यावर करून उपयोग नाही. मुलगा किंवा मुलगी दहावीत असतानाच फॉर्म कधी निघतो याची चौकशी करून ठेवावी लागते.